पेडल खाली बसतंय : ब्रेकच्या दुरुस्तीच्या नोंदी

गाडी २००८ची, पेट्रोल हॅचबॅक. पुढे डिस्क, मागे ड्रम, पायाच्या जोराला मदत करणारा, व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर, एबीएस नाही. मुक्काम चिपळूण. पान्हा माझ्या हातात, सोबतीला बाबा. बाबा एसटीच्या आगारात ३१ वर्षं मेकॅनिक होते.

४ जानेवारी २०२५, शनिवार

संध्याकाळी बहादूरशेख नाक्यावर गर्दीत अडकले. गाडी उभी, इंजिन चालू, पाय ब्रेकवर. तेवढ्यात पायाखालचं पेडल हळूच खाली जायला लागलं. लावणीच्या खाचरात पाय रुततो ना, अगदी तसं. मी जोर वाढवलेला नव्हता. पाय उचलून पुन्हा दाबलं तर पेडल परत वर आणि चांगलं कडक. पुन्हा हलका पाय ठेवला, पुन्हा तेच. गर्दी हलेपर्यंत हँडब्रेक ओढून ठेवला, मग तो सोडून घरापर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये, पुढच्या गाडीपासून लांब राहून आले.

गाडी थांबत होती, हे खरं. पण उद्या कराडला मावशीकडे जायचं होतं आणि येताना कुंभार्ली घाट उतरायचा होता.

५ जानेवारी, रविवार

कराड रद्द. मावशी नाराज झाली, पण ब्रेकचं नाव काढल्यावर पुढे काही बोलली नाही.

सकाळी बॉनेट उघडलं. रिझर्व्हायरमधलं, म्हणजे ब्रेकच्या तेलाच्या डबीतलं, तेल वरच्या खुणेच्या केसभर खाली. म्हणजे व्यवस्थित. चारही चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारला, खालून पाइपांवर कागद फिरवला, पेडलच्या वर डॅशबोर्डखाली हात घालून पाहिला. कुठेही ओल नाही. डॅशबोर्डवर दिवाही लागलेला नाही. तेल कमी झालेलं नाही, गळती नाही, तरी दाब कुठेतरी जातोय.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या दादांना दाखवलं. त्यांनी दोनदा पेडल दाबून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, एअर धरलीय. ब्लीड करून देतो, अर्ध्या तासाचं काम." म्हणजे पाइपांत हवा अडकलीय, ती काढून देतो. बाबांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की एअर असेल तर पेडल मऊ लागतं, पण जिथे थांबतं तिथे थांबून राहतं. आपलं पेडल आधी कडक लागतं आणि मग सरकतं. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

दुपारी अंगणात बसून तपासलं. प्रत्येक चाचणी वेगळी केली, कारण दोन गोष्टी एकदम तपासल्या की कशामुळे काय झालं ते कळत नाही.

आधी बूस्टर. इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल मारलं, त्यातला व्हॅक्यूम संपला, पेडल दगडासारखं झालं. पाय तसाच दाबून धरून इंजिन चालू केलं. पेडल किंचित खाली गेलं. ते तसं जायलाच हवं, बूस्टरने मदत केली याची ती खूण. बूस्टर ठीक.

मग इंजिन बंद करून, व्हॅक्यूम पुन्हा संपवून, नुसत्या पायाच्या वजनाने पेडल धरलं. तरीही खाली. म्हणजे दोष बूस्टरच्या पलीकडे, तेलाच्या बाजूला आहे.

स्टीलची पट्टी जमिनीवर उभी धरून पेडलची उंची मोजली. मोकळं १४८ मिलिमीटर. दाबल्यावर ९२. हलक्या पायाने एक मिनिट धरलं तर ५१पर्यंत उतरलं आणि तिथे मात्र अडलं. आता मुद्दाम जोरात दाबलं, तर ८८वर गेलं आणि मिनिटभरात जेमतेम ८४पर्यंत आलं. जोर जास्त तर गळती कमी, हे मला आधी उलटंच वाटलं. बाबा मात्र लगेच म्हणाले, "वॉशर." वॉशर म्हणजे मास्टर सिलिंडरमधला, पेडलचा जोर तेलाच्या दाबात बदलणाऱ्या भागातला, रबरी कप. त्याला ओठासारखी कड असते. दाब वाढला की तोच दाब त्या ओठाला सिलिंडरच्या भिंतीवर चिकटवतो. ओठ झिजला असेल तर हलक्या दाबात तो भिंतीला पुरता चिकटत नाही आणि तेल त्याच्या बाजूने मागे निसटतं.

मागे म्हणजे परत रिझर्व्हायरमध्येच. म्हणून पातळी हलत नाही.

तरीही मी बाबांचं त्याच दिवशी ऐकलं नाही. पुढचा आठवडा त्यातच गेला.

८ जानेवारी, बुधवार

ऑफिसला रिक्षानेच जाते आहे. येताना दुकानातून ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली घेतली, डॉट ३ दर्जाची, रिझर्व्हायरच्या झाकणावर लिहिलंय तेच.

आपण सगळे 'ब्रेक ऑइल' म्हणतो, मीही तेच म्हणणार, पण हे तेल नव्हे. ते ग्लायकॉलच्या जातीचं द्रव आहे, पाण्यात मिसळतं, आणि ब्रेकमधली रबरं त्याच्यासाठीच बनवलेली असतात. ऑइल म्हटल्यामुळे कुणी अडीअडचणीला इंजिन ऑइल ओतलं, तर ती सगळी रबरं फुगतात. मग एकट्या मास्टर सिलिंडरवर भागत नाही, चारही चाकांपर्यंतचं रबर बदलावं लागतं. घरात कुणी गाडीला हात लावणारं असेल तर त्याला हे आजच सांगून ठेवा.

११ जानेवारी, शनिवार

मागची चाकं काढली. ड्रम हातोडीने हलके ठोकत सोडवले. लायनर अजून बरेच जाड आहेत, ॲडजस्टर फिरतो आहे. उजवीकडे सगळं कोरडं. डावीकडे व्हील सिलिंडरच्या, म्हणजे लायनर ड्रमवर ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या, रबरी टोपीची कड स्क्रूड्रायव्हरने उचलली, तर आत ओल! बोटाला चिकट लागली. मला वाटलं, सापडलं.

बाबांनी पाहिलं आणि म्हणाले, "ही ओल आजची नाही. इतक्यावर पेडल एवढं बसत नाही." खरं तर माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. तिथून एवढं तेल जात असतं तर ड्रम आतून भिजलेला असता आणि रिझर्व्हायर उतरलं असतं. पण डोळ्यांना दिसणारी ओल हिशेबापेक्षा खरी वाटते.

१२ जानेवारी, रविवार

डावीकडचा व्हील सिलिंडर नवीन बसवला. हे काम वाया गेलं नाही, तो बदलायलाच हवा होता. वाईट झालं ते त्यानंतर.

एअर काढायला बसलो. बाबा पेडलवर, मी चाकाशी. मी त्यांना सांगितलं, "बाबा, पूर्ण खालपर्यंत दाबा." त्यांनी जमिनीपर्यंत दाबलं. पंचवीस-तीस वेळा तरी.

काम संपल्यावर पट्टी लावली. हलक्या पायाने ९२वरून ५१वर यायला पूर्वी एक मिनिट लागत होतं, आता पंधरा सेकंद लागले.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ वाटून झाल्यावर रात्री बाबांशी बसून रविवारी नेमकं काय बिघडलं त्याचा विचार केला.

रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण पुढे कधीच जात नाही. वर्षानुवर्षं तो सुरुवातीच्या थोड्या भागातच मागेपुढे होतो आणि तेवढी भिंत गुळगुळीत राहते. त्याच्या पुढच्या भागात कप पोहोचतच नाही. तिथे गाळ बसतो, तेलात पाणी मुरलेलं असेल तर गंजाचे ठिपके धरतात. पेडल जमिनीला टेकवलं, की रबराचा नाजूक ओठ त्या खरखरीत भागावरून ओढला जातो. आधीच झिजलेला ओठ मी रविवारी तीस वेळा कानशीवरून फिरवला.

बाबांना याचं फार वाईट वाटलं. त्यांचं सगळं आयुष्य हवेच्या ब्रेकवर गेलं. एसटीत हवा हीच ताकद, टाकीत दाब चढल्याशिवाय गाडी हलवायची नाही आणि पेडल दाबणं म्हणजे फक्त झडप उघडणं. इथे हवेचा बुडबुडा शत्रू, आणि पायाचा जोर तेलातून थेट चाकाला जातो. पण पूर्ण दाबायला मीच सांगितलं होतं, हे इथे लिहून ठेवते.

१८ जानेवारी, शनिवार

आज अंदाज नको, पुरावा हवा असं ठरवलं.

पहिला पुरावा टॉर्चने मिळाला. रिझर्व्हायरचं झाकण काढलं, बाबांनी अगदी सावकाश पेडल दाबून धरलं. सुरुवातीला तेलात एक छोटी उसळी आली. ती प्रत्येक चांगल्या सिलिंडरमध्ये येते, पिस्टनने रिझर्व्हायरकडे उघडणारं लहान भोक झाकण्याआधी थोडं तेल वर ढकललं जातं. त्यानंतर पृष्ठभाग शांत व्हायला हवा. तो झाला नाही. बूस्टरकडच्या कप्प्याच्या तळातून धुरासारखी बारीक वळवळ वर येत राहिली, बाबांनी पाय उचलेपर्यंत. तेल कपाच्या कडेने निसटून परत येताना मी डोळ्यांनी पाहिलं.

दुसरा पुरावा पक्का. चाकांकडे जाणारे रबरी होज चिमट्याने दाबून बंद करायची रीत आहे, पण सोळा वर्षांचे होज दाबायला मन धजावलं नाही. आतून फाटले तर बाहेरून कळत नाही. त्याऐवजी मास्टर सिलिंडरची दोन्ही तोंडं बंद केली. जुन्या ब्रेक पाइपचे दोन तुकडे, नट आणि फ्लेअरसकट (पाइपचं पसरट केलेलं टोक), टोकं चेपून वेल्ड करून घेतले होते. आटे दहा मिलिमीटरचे, एक मिलिमीटर पिचचे. पाइपांचे नट सोडवायला साधा फिक्स पान्हा वापरू नका, नटाचे कोपरे मारले जातात. फ्लेअर नटासाठी तोंड कापलेला रिंग पान्हा मिळतो, तोच घ्या.

तोंडं बंद झाल्यावर तेलाला जायला वाटच नाही. चांगल्या सिलिंडरवर पेडल वरच्या वरच भिंतीसारखं अडायला हवं. आमचं तरीही उतरत गेलं. चाकं, होज, पाइप, व्हील सिलिंडर सगळे सुटले. दोष मास्टर सिलिंडरमध्येच.

५१वर का थांबतं तेही आता जुळलं. आत एकामागे एक असे दोन पिस्टन असतात, प्रत्येकाचा वेगळा मार्ग. पेडलजवळच्या पिस्टनचा कप निसटतोय, म्हणून तो पुढे सरकत जातो आणि शेवटी दुसऱ्या पिस्टनला धातूने धातू टेकतो. तिथून पुढे फक्त दुसरा मार्ग काम करतो, म्हणजे पुढचं एक चाक आणि तिरक्या कोनातलं मागचं एक चाक. नाक्यावर माझी गाडी थांबली ती अर्ध्या ब्रेकवर.

१९ जानेवारी, रविवार

सिरिंजने रिझर्व्हायर रिकामं केलं. तेल कोऱ्या चहाच्या रंगाचं. मास्टर सिलिंडर बूस्टरवरून दोन नट काढून उतरवला. बूस्टरचं तोंड कोरडं, म्हणजे मागचं सील शाबूत होतं.

सर्क्लिप काढून पिस्टन बाहेर घेतले. पहिल्या कपाच्या ओठाला खालच्या बाजूला तांदळाच्या कणीएवढा तुकडा निघालेला, आणि त्याच्या शेजारी दोन लांब ओरखडे. सिलिंडर खिडकीशी धरून आत पाहिलं. सुरुवातीचा भाग आरशासारखा, त्याच्या पुढे तपकिरी ठिपक्यांचा पट्टा. करंगळी आत जाते तेवढी घातली, तर खड्डे नखाला लागतात. बाबांनीही बोट घातलं. काही न बोलता सिलिंडर कागदावर ठेवला.

हे ठिपके कोकणाने दिलेत. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, झाकणाच्या श्वासछिद्रातून आणि होजच्या रबरातूनसुद्धा. डॉट ३ कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळायला हवं, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मानक १४० अंशांवर येतं. डॉट ४साठी हेच आकडे २३० आणि १५५. घाटात सतत ब्रेक दाबत उतरलं की पुढचे कॅलिपर तापतात, तेलातलं पाणी उकळून वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल एकदम जमिनीला टेकतं. आमचा दोष तो नव्हता, आमचं पेडल थंड गाडीतही बसत होतं. पण तेच पाणी सिलिंडरला आतून खात होतं. तेल शेवटचं कधी बदललं ते सर्व्हिसच्या वहीत शोधलं. सहा वर्षांत नोंद नाही. दर दोन वर्षांनी बदलायला हवं होतं.

२१ जानेवारी, मंगळवार

रबर किट ३५० रुपये, अख्खा नवीन मास्टर सिलिंडर २,१५० रुपये. दुकानदार म्हणाले, किट टाका, भिंत पॉलिश पेपरने घासून घ्या. नाही म्हटलं. सिलिंडर ॲल्युमिनियमचा आहे, भिंतीवर ॲनोडाइझचा कठीण थर असतो. तो घासला की मऊ धातू उघडा पडतो आणि नवीन रबर काही महिन्यांत खाल्लं जातं. भिंत निर्दोष असती तर किटच घेतलं असतं. खड्डा नखाला लागला तिथे हा विषय संपला.

२५ जानेवारी, शनिवार

नवीन सिलिंडर गाडीवर चढवण्याआधी टेबलावरच एअर काढली. कोरडा सिलिंडर थेट बसवला तर आत अडकलेली हवा नंतर चाकांकडून निघता निघत नाही. बेंच व्हाइसमध्ये फ्लँजला, म्हणजे बाहेर आलेल्या कडेला धरला, अंगाला नाही. दोन्ही तोंडांना प्लास्टिकच्या नळ्या लावून त्यांची टोकं रिझर्व्हायरमधल्या तेलात बुडवली. लाकडी दांड्याने पिस्टन सावकाश, थोडाथोडा ढकलला. आधी मोठे बुडबुडे, मग मोहरीएवढे, मग नळीला टिचकी मारल्यावरच एखादा. वीस मिनिटं लागली.

बूस्टरची दांडी आणि पिस्टन यांच्यात अगदी थोडी फट राहायला हवी. दांडी लांब पडली तर पाय काढल्यावरही लहान भोक झाकलेलं राहतं, तेल परत येत नाही आणि ब्रेक धरून राहतात. भाचीची मातीकामाची क्ले आणली, दांडीच्या टोकावर मटाराएवढा गोळा लावला, सिलिंडर बसवून नट आवळले आणि पुन्हा काढला. क्ले चपटी झाली पण मधोमध पातळ थर अखंड राहिला. फट आहे, आणि जास्त नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन आटोपून कामाला लागलो.

सिलिंडर चढवला. नट आधी हाताने चार-पाच फेरे बसतात ना ते पाहिलं, मगच पान्हा लावला. मडगार्डवर दोन थेंब उडाले, लगेच पाणी ओतलं. ब्रेक ऑइल रंग उचलतं, आणि पुसलं तर पसरतं. आधी पाणीच.

मग पेडलखाली लाकडी ठोकळा. पेडल ७० मिलिमीटरच्या खाली जाऊच शकणार नाही एवढ्या उंचीचा कापून घेतला. नवीन सिलिंडरला त्याची तेवढी गरज नाही, पण ही सवय मला आता मोडायची नाही.

मॅन्युअलमधल्या क्रमाने, मागच्या लांबच्या चाकापासून सुरुवात. निपलवर, म्हणजे चाकाशी असलेल्या हवा काढायच्या छोट्या स्क्रूवर, पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या तेलात.

"बाबा, दाबा."

"दाबलं."

"धरा."

"धरलं."

निपल पाव फेरा उघडला, नळीतून चहाचा रंग सरकला, बंद केला.

"सोडा."

हे शब्द त्या दुपारी किती वेळा म्हटले असतील! निपल बंद होण्याआधी पाय सुटला तर हवा आत ओढली जाते, म्हणून प्रत्येक वेळी उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नाही. दर पाच-सहा वेळांनी रिझर्व्हायर भरलं. उजव्या मागच्या चाकाचा निपल गंजलेला होता. त्यावर कालपासून गंज सोडवणारं औषध मारून ठेवलं होतं, तरी आधी हलकं ठोकलं आणि आठ नंबरच्या रिंग पान्ह्याने इंच इंच सोडवला. चारही चाकांना नळीत फिकट पिवळं, स्वच्छ तेल दिसेपर्यंत पाऊण लिटरच्या आसपास खर्च झालं.

काढलेलं तेल वेगळ्या बाटलीत, चिठ्ठी लावून ठेवलं. गटारात ओतायचं नाही, आमचं गटार वाशिष्ठी नदीलाच मिळतं.

पट्टी: मोकळं १४८. दाबल्यावर १०४. हलक्या पायाने दोन मिनिटं धरून १०४. इंजिन चालू करून पुन्हा दोन मिनिटं, १०२ आणि तिथेच.

बाबांनी स्वतः बसून पाहिलं. डोळे मिटून पाय ठेवला होता.

२७ जानेवारी ते १ फेब्रुवारी

पहिल्या दिवशी मोकळ्या मैदानात, चालण्याच्या वेगात. मग ताशी २०, मग ४०. गाडी सरळ थांबते, कुठल्या बाजूला ओढत नाही. दुसऱ्या दिवसापासून गावात, गर्दीची वेळ टाळून. रोज रात्री प्रत्येक जोडाला पांढरा टिश्यू लावून पाहिला, सगळे कोरडे. शुक्रवारी बहादूरशेख नाक्यावर मुद्दाम हलका पाय ठेवून थांबले. पेडल हललं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

चिपळूण ते कराड आणि परत. जाताना शिरगाव, पोफळी, मग घाटाची चढण, त्यात ब्रेकची परीक्षा नव्हतीच. मावशीकडे जेवण. परतताना कोयनानगरला थांबून पातळी पाहिली, चाकांजवळ हात धरून पाहिला. चारही बाजूंना ऊब सारखी, एकही ब्रेक धरून राहिलेला नाही.

घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरले. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही, वळणाआधी एकदा नीट दाबायचा आणि सोडायचा, बाकीचा भार इंजिनवर. एका वळणावर पुढचा ट्रक अचानक थांबला. दाबलं, पेडल जिथे थांबायचं तिथे थांबलं आणि ट्रक हलेपर्यंत तिथेच राहिलं. बाबा शेजारी बसले होते, त्यांनी खिशातून पट्टी काढली. गाडी सुरू असताना ती लावू नका म्हटलं.

घरी आल्यावर अंगणात लावली. १४८. १०४. दोन मिनिटांनी १०४. वहीत तेलाची तारीख लिहिली, आणि पुढच्या बदलासाठी जानेवारी २०२७.